वाखाची निकर

कुठलंही नवं कापड हातात आलं की मावशी आधी काठातून एक धागा ओढून काढायच्या. कमरेला खोचलेल्या बटव्यातून काडीपेटी काढायच्या, धागा चिमटीत उभा धरून पेटवायच्या, धूर नाकाशी न्यायच्या आणि उरलेली राख अंगठ्यानं तळहातावर चोळायच्या. एवढं होईपर्यंत कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. समोर व्यापारी उभा राहून "प्युअर कॉटन आहे मावशी" म्हणत असला तरी त्या मान वर करत नसत. "जळल्यावर काय म्हनतंय बघू," एवढंच म्हणायच्या.

राख भुरभुरीत निघाली तर ठाण आत यायचं. धागा वितळून त्याचा टणक मणी झाला तर त्या तो मणी व्यापाऱ्याच्या हातावर ठेवायच्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसायच्या. पुढचं बोलणं माझ्याकडे.

देवळाली प्रवऱ्यात मी शिवणकामाचं केंद्र चालवते. बाजारपेठेमागच्या गल्लीत पत्र्याची शेड आहे, तिच्यात मशिनी. शेडमागे भिंतीआड थोडी मोकळी जागा. काम मी आणते, कटिंग मी करते आणि एखादी आली नाही तर तिच्या मशीनवरही मीच बसते. माझ्याखेरीज तिथे नऊ बायका होत्या. आठ शिवायच्या आणि मावशी तपासायच्या. शिवून झालेला प्रत्येक नग त्यांच्या हाताखालून जायचा. त्या शिवण ओढून बघायच्या, उलटी करून बघायच्या, आणि टाका सुटलेला दिसला की तो नग शिवणारीच्या पुढ्यात आणून टाकायच्या. रागवायच्या नाहीत. नुसत्या उभ्या राहायच्या. त्यापेक्षा रागवलेलं बरं, असं बायका म्हणायच्या.

असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पिशवीवरची तारीख वाचूनसुद्धा दूध हुंगणारं. आमच्या मावशींचं तसंच होतं, फक्त दुधापाशी थांबायचं नाही. त्यांचे मालक साखर कारखान्यात वॉचमन होते, आयुष्यभर घर कारखान्याच्या भोंग्यावर चाललं. तरी भोंगा झाला की मावशी आधी भिंतीवरचं घड्याळ बघायच्या, मग माझ्या मनगटावरचं. मी एकदा म्हटलं, भोंग्यावर तरी विश्वास ठेवा. तर म्हणाल्या, "वाजविनारा मानूसच हाय ना."

कुणी काहीही सांगितलं की त्यांचं उत्तर एकच, "आसंल." या 'आसंल'मध्ये होकार नसायचा. तुम्ही सांगताय, मी ऐकलं, आता मी बघते, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या सुरेखाचा मुलगा बारावी पास झाला तेव्हा तिने सगळ्यांना पेढे वाटले. मावशींनी पेढा खाल्ला, हात पुसला आणि मार्कलिस्ट मागितली. सुरेखाने रागारागाने दुसऱ्या दिवशी ती आणली. मावशींनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि घडी घालून परत दिली. "गनितात कमी हायेत," म्हणाल्या. मार्क खरंच कमी होते. पेढे वाटताना सुरेखाने ते सांगितलं नव्हतं.

शेवगावच्या बाजारात त्यांचे वडील लुगडी विकायचे. धागा जाळायचं त्यांनीच शिकवलं. बाकी संशय कुठून आला ते मला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. मला त्या फार आवडायच्या असं मी म्हणणार नाही. त्या आल्यापासून आमचा माल परत येईनासा झाला होता, आणि मला तेवढं पुरे होतं.

मग आमचं मुख्य काम गेलं. शाळांचे गणवेश आम्ही शिवायचो. शाळांनी ते तयार घ्यायला सुरुवात केली. परकर, पिशव्या, ब्लाउज यांवर आठवड्यातले तीन दिवस कसेबसे भरत. उरलेले दिवस मशिनींवर कापड टाकून ठेवलेलं असायचं. असंच चाललं तर दिवाळीनंतर शेड सोडावी लागणार होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण बायका काही खुळ्या नव्हत्या.

त्या पावसाळ्यात पुण्याहून एक मुलगी आली. आमचा नंबर तिला कुठल्याशा प्रदर्शनात मिळाला होता. सोबत दोन खोकी. पर्यावरणाला त्रास न देणारे कपडे ती विकते, असं तिने सांगितलं, आणि खोक्यातून बायकांची निकर काढून टेबलावर ठेवली. मातकट रंगाची, जाड विणीची. आमच्याकडे हा शब्दसुद्धा बायका आवाज उतरवून बोलतात. आठही मशिनी थांबल्या.

मुलीने नीट समजावलं. हे हेम्पचं कापड. म्हणजे भांगेच्याच जातीचं झाड, पण नशा न करणारं. त्याच्या सालीचं सूत काढतात. पाणी कमी लागतं, फवारणी जवळजवळ नाही, कापड वर्षानुवर्षं टिकतं. यात अर्धं हेम्प आणि अर्धा कापूस आहे.

भांग म्हटल्यावर पुढचं कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. एकीने विचारलं की घातल्यावर गरगरत नाही ना. दुसरीने विचारलं की पोलीस आले तर काय दाखवायचं. सगळ्या पदरात तोंड घालून हसत होत्या. मावशी उठल्या, निकर उचलली, काठातून धागा काढला.

"साल म्हंजी अंबाडीसारकी?" त्यांनी विचारलं.

मुलगी हो म्हणाली, साधारण तसंच.

"अंबाडीच्या वाखाचे दोर करत्यात. बैल बांधायला." त्यांनी निकर वर धरून उजेडात बघितली. "त्याची तुमी निकर केली."

धागा जाळला. राख भुरभुरीत निघाली. मावशींनी ती मुलीच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, नायलॉन न्हाई एवढं खरं. मुलगी खूश झाली. मावशी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कापडाचं कळलं. पोरगी कशी हाय ते जाळून बघता येत न्हाई."

मुलीचं म्हणणं असं होतं. शहरातल्या बायकांनी या निकरी वापरल्या होत्या, पण त्या खुर्चीत बसणाऱ्या, पंख्याखालच्या. दिवसभर मशीन चालवणाऱ्या, चालत घरी जाणाऱ्या, घामेजणाऱ्या बायकांना त्या चालतात का, हे तिला बघायचं होतं. आम्ही दहा जणींनी महिनाभर वापरायच्या, दर आठवड्याला एक फॉर्म भरायचा. खरं काय ते लिहायचं. पसंत पडल्या तर वर्षभराचं शिवणकाम आमच्याकडे.

वर्षभर हा शब्द मात्र सगळ्यांनी नीट ऐकला.

प्रत्येकीला तीन निकरी मिळाल्या. आमच्याकडे कोऱ्या कापडाला हळदीचं बोट लावल्याशिवाय ते अंगाला लावत नाहीत. निकरीला हळद लावायची की नाही यावर चहाच्या वेळी बराच खल झाला. एक म्हणाली लावावी, कापडच आहे. दुसरी म्हणाली देवाच्या वस्तू कुठे न्यायच्या त्याला काही सुमार. शेवटी मावशींनी हळदीचं बोट खोक्याला लावलं आणि विषय संपवला.

मीही वापरली. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी पोत्यावर बसल्यासारखं वाटलं. तिसऱ्या धुण्यानंतर कापड मऊ पडलं. घाम टिपत होतं, इलॅस्टिक रुतत नव्हतं. पण दुसऱ्या आठवड्यात जांघेत खाज सुटली. मशीनवर बसलं की नको व्हायचं. पावसाळी हवा आहे, होतं असं, म्हणून मी पावडर लावली. शनिवारी फॉर्मवर लिहिलं, चांगली आहे.

बाकीच्यांचेही फॉर्म तसेच होते. छान आहे. मस्त आहे. सुरेखाने तर लिहिलं होतं, अशी निकर आजवर पाहिली नाही. एकट्या मावशींच्या फॉर्मवर मोठ्या, वेगवेगळ्या सुट्या अक्षरांत एकच शब्द होता. खाजतं.

दुसऱ्या शनिवारी, लई खाजतं. तिसऱ्या शनिवारी, आजून खाजतं.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "मावशी, नऊ जणींना खाजत नाही. तुम्हालाच कसं खाजतं?"

"नऊ जनींना खाजत न्हाई हे कुनी सांगितलं?"

"त्यांनीच लिहिलंय."

"आसंल," त्या म्हणाल्या.

त्या नऊ जणींत मीही होते. तरी तेव्हा मला त्यांचाच संशय आला. मालकांची पेन्शन येते, पोरं मार्गी लागलीत, हिला कामाची गरज नाही, म्हणून ही आमच्या अन्नात माती कालवते आहे, असं माझ्या मनात आलं. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा ते मला अगदी पटलं होतं. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले.

त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, कारण त्या वेगळ्याच शोधात होत्या. चौथ्या आठवड्यात सोमवारी सकाळी त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. दोन दिवसांत त्या आठही जणींच्या घरी जाऊन आल्या होत्या. एकीकडे विरजण मागायला, एकीकडे तब्येतीची चौकशी करायला, सुरेखाकडे नुसत्याच. चहा घेतला, आणि घेता घेता परसातली दोरी बघितली.

"आठ घरं फिरले," त्या म्हणाल्या. "साड्या हायेत, परकर हायेत, पोरांची कापडं हायेत. निकर एका बी दोरीवर न्हाई. ह्या बाया घालत्यात तरी का?"

त्यांना वाटत होतं, बायकांनी निकरी ट्रंकेत टाकल्या आणि न घालताच फॉर्म भरले. मला हसू आलं. मी म्हटलं, दोरीवर दिसतीलच कशा? कुणाच्या दिसतात? तुमच्या तुम्ही कुठे वाळत घालता?

"न्हानीत. खुंटीला. वर परकर टाकते."

"मग त्याही तिथेच घालतात. मीसुद्धा."

मावशी म्हणाल्या, बरोबर हाय. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग दुपारच्या सुट्टीत त्या घरी गेल्या आणि पिशवीतून एक निकर घेऊन आल्या. आदल्या दिवशी सकाळी धुतलेली. माझ्या हातात दिली. वरून कोरडी लागत होती. आतला दुहेरी भाग चेपला तर गार, ओलसर. वास घेऊन बघा म्हणाल्या. मी घेतला नाही. तेवढ्यावरून कळलं.

कापड जाड. पाणी पिऊन बसणारं. आमची जुनी पातळ निकर परकराखाली, अंधाऱ्या न्हाणीत का होईना, कशीतरी वाळायची. ही वाळत नव्हती. आम्ही सगळ्याच रोज ओली निकर घालून मशीनवर बसत होतो.

पण असं नुसतं वाटून मावशींचं भागणार नव्हतं. त्या दिवसांत पावसाने उघडीप दिली होती. त्यांनी एक निकर शेडमागच्या तारेवर उन्हात घातली आणि दुसरी घरी न्हाणीत परकराखाली. एक दिवस ही, एक दिवस ती. शेडमागे भिंत असल्यामुळे तिथे कुणाला दिसत नव्हतं. रविवारी शेड बंद, तेव्हा त्यांनी ती घरासमोरच्या दोरीवर, रस्त्यावरून दिसेल अशी घातली. मालकांनी ती काढून आत नेली. यांनी पुन्हा बाहेर घातली. मालक म्हणाले, लोकं काय म्हनतील. त्यावर त्या काय म्हणाल्या ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

"मी म्हनलं, लोकं म्हनतील निकर हाय. हायच ना निकर."

मालक चावडीपाशी जाऊन बसले ते जेवायलाच परत आले.

आठवडा संपता संपता निकाल लागला. उन्हातल्या निकरीने खाज नाही. न्हाणीतलीने आहे. "कापडाचा दोष न्हाई," मावशी म्हणाल्या. त्या अगदी खूश होत्या.

मी खूश नव्हते. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शेवटचे फॉर्म घ्यायला येणार होती. मी मावशींना थांबवून घेतलं. म्हटलं, उन्हात वाळवल्यावर खाजत नाही हे तुम्हीच सांगता. मग उद्याच्या फॉर्मवर 'चांगली आहे' एवढं लिहून टाका. ते खोटं होत नाही.

"आन गिऱ्हाइकाला कोन सांगनार उनात वाळवा म्हनून?" त्या म्हणाल्या. "त्या बी परकराखालीच घालनार. खाजलं की म्हनतील, हे भांगेचं कापडच खराब. एक खेप जाईल. दुसरी परत येईल."

"पुढचं पुढे बघू, मावशी. आधी काम तर येऊ द्या."

"पुढचं बघायलाच तर ठिवलंय तुमी मला."

मी एवढंच म्हटलं की आठ बायकांचं पोट यावर आहे, याचा विचार करा. त्या म्हणाल्या, करते.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. शेडच्या मध्ये खुर्ची टाकून बसली आणि सगळ्यांचे फॉर्म एकेक करून मोठ्याने वाचू लागली. छान. उत्तम. पुन्हा घेईन. आमच्या बायका खाली मान घालून हसत होत्या. तिचा चेहरा उजळत चालला होता. सगळ्यात खाली मावशींचा फॉर्म होता. ती दोन ओळी वाचून थांबली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"सावलीत वाळवली तर खाजते. उनात वाळवली तर नाही. बाकी जनी खोटं लिवत्यात."

मुलीने मावशींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हालाही खाजतंय का?" तिने मला विचारलं.

त्या वेळी नाही म्हणणं सोपं होतं. मावशी माझ्याकडे बघतही नव्हत्या. चष्म्याची काच पदराने पुसत होत्या. मी म्हटलं, "हो. दुसऱ्या आठवड्यापासून."

मग एकेक जण बोलली. एकीला लाल चट्टे आले होते. एकीने आठवड्यापूर्वीच घालायचं बंद केलं होतं. सुरेखाने, जिने अशी निकर आजवर पाहिली नव्हती, ती एकदाच घालून धाकट्या जावेला दिली होती.

मुलीला रडू येईल असं मला वाटलं, पण तिने स्वतःला सावरलं. म्हणाली, पण मग उन्हात का नाही घालत? साधी गोष्ट आहे.

मावशींनी विचारलं, "तू कुठं वाळवती?"

"बाल्कनीत," ती म्हणाली.

"वर काय आसतं?"

"टॉवेल," ती म्हणाली.

त्या दिवशी शेडमध्ये हसू आलं ते तेवढंच.

जाताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली की अशा फॉर्मवर ती काम देऊ शकत नाही. अजून एक महिना वापरून बघा. उन्हात वाळवून. खरे फॉर्म द्या. मग ठरवू. तिचं चुकत नव्हतं. पण आमच्याकडे तेवढा एकच महिना उरला होता. दिवाळी महिन्यावर आली होती.

मुलगी गल्लीच्या टोकाला पोचली नसेल, तोच सुरेखा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की एका बाईच्या खाजेपायी आठ जणींचं काम गेलं. मावशी तिथेच होत्या. त्यांनी पुढचा परकर ओढून घेतला आणि शिवण तपासली.

त्यानंतर कुणी त्यांच्या हातात नग देईना. लांबून ढिगावर टाकायच्या. चहाचा कप त्यांच्यापर्यंत यायचा नाही. एकदा मीच नेऊन दिला तर सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. पाचव्या दिवशी तीन जणी माझ्याकडे आल्या. त्यांना राहुरीला दुसरीकडे काम मिळत होतं. त्या म्हणाल्या, मावशी राहणार असतील तर आम्ही जातो.

मी हिशेबी बाई आहे. मशीनवर बसणाऱ्या तीन बायका गेल्या तर काम आलं तरी ते करणार कोण? तपासणारी एक गेली तर तपासायला मी आहे. मी मावशींना शेडमागे नेलं आणि सांगितलं, महिनाभर घरी थांबा, गरज पडली की बोलावते.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. राखेकडे बघायच्या तसं.

"मी खोटं लिवलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग बरं," म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी चष्मा पिशवीत टाकला, आपली छोटी कात्री टाकली, आणि ज्या परकराचं तपासणं अर्धं राहिलं होतं तो उरकून मग गेल्या.

पुढचा महिना आम्ही नेटाने काढला. घरी दारात निकर घालायची कुणाची तयारी नव्हती. म्हणून बायका सकाळी ओल्या निकरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायच्या आणि शेडमागच्या तारेवर घालायच्या. आपली कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीने वेगळ्या रंगाचा टाका मारला होता. ऑक्टोबरचं ऊन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पापडासारख्या कडक. खाज गेली. कुणी कबूल केलं नाही, पण दर सोमवारी पहिली पिशवी घेऊन यायची ती सुरेखाच.

या वेळी फॉर्म खरे भरले गेले. काहींनी लिहिलं, चांगली. दोघींनी लिहिलं, मांडीपाशी शिवण काचते. मीही तेच लिहिलं. एकीने लिहिलं, सुतीच बरी. मुलीने सगळं वाचलं, शिवण बदलली, आणि निकरीच्या पाकिटावर पहिल्याच ओळीत छापून घेतलं की उन्हात वाळवा. वर्षभराचं काम आम्हाला मिळालं. शेड राहिली. राहुरीला कुणी गेलं नाही.

त्या दिवशी मी मावशींच्या घरी गेले. मालक ओट्यावर एकटेच बसले होते. म्हणाले, ती भावाकडे गेलीय, शेवगावला, कापूस वेचायला. कधी येणार ते माहीत नव्हतं. नंबर मात्र दिला.

मी फोन केला. मागे बायकांचे आवाज येत होते, वारा येत होता. मी म्हटलं, काम आलं मावशी. या आता.

त्यांनी काम किती, कुणाचं, काही विचारलं नाही.

"फारम खरे भरले का या टायमाला?"

"भरले."

"समद्यांनी?"

"सगळ्यांनी."

"तुमी काय लिवलं?"

मी सांगितलं. शिवण काचते म्हणून लिहिलं.

मग त्या म्हणाल्या, "मंग आता माजं काय काम हाय तिथं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादा चांगला उतरलेला नग बाजूला ठेवताना त्या बोलायच्या तशाच बोलल्या. मी काहीतरी म्हणेपर्यंत कुणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला. नंतर मी दोनदा केला. एकदा भावाने उचलला, एकदा कुणीच नाही.

पहिल्या खेपेच्या निकरी आठवड्याने तयार झाल्या. तपासायला मीच बसले. शिवण ओढायची, उलटी करायची, उजेडात धरायची. संध्याकाळपर्यंत सात नग बाजूला निघाले. त्यांतले तीन मी स्वतः शिवलेले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी ते उचलले, माझ्याच मशीनवर आणून टाकले आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले.